पाय धरायची नोकरी

लोक नोकरीसाठी कुणाकुणाचे पाय धरतात. मला नोकरीच पाय धरायची मिळाली. हैदराबादेत, हिमायतनगरच्या एका गल्लीत, औषधाच्या दुकानावर, आमचा दोन खाटांचा दवाखाना आहे. तिथे मी एकोणतीस वर्षं मालिश केली आणि त्यातली बरीचशी वर्षं माणसांच्या टाचांवर गेली. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक म्हणाले, काहीतरी लिहा. मी म्हटलं, माझ्यापाशी टाचांखेरीज काही नाही. ते म्हणाले, मग टाचांवर लिहा. बिचाऱ्यांना वाटलं असेल, दोन पानांत आटपेल.

आमच्या घरी मालिश हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. आई नातेवाइकांना सांगायची, ‘सुलभा दवाखान्यात असते.’ कुणी पुढे विचारलं की ती चहा टाकायला उठायची. परभणीकडची माझी चुलती एकदा इरेला पेटली. चहा संपेपर्यंत थांबली आणि थेट मलाच विचारलं, ‘म्हणजे बाळंतिणी करतीस का?’ मी हो म्हणून टाकलं. त्या काळात ते जास्त इभ्रतीचं वाटलं. खरं म्हणजे मी एका मोठ्या दवाखान्यात आया म्हणून लागले होते, व्यायामाच्या विभागात टॉवेल घड्या घालायला. घड्या घालता घालता बघत राहिले, मग एक वर्षाचा कोर्स केला, आणि पुढे डॉक्टर श्रीलता मॅडमनी स्वतःचा दवाखाना काढला तेव्हा त्या मला घेऊन गेल्या. त्या फिजिओथेरपिस्ट. तपासणी आणि व्यायाम त्यांचे, हातांचं काम माझं. त्यांची मातृभाषा तेलुगू, माझी मराठी, आणि आम्ही भांडतो दखनीत, कारण भांडायला ती फार सोयीची आहे.

आता धंद्यातलं थोडं सांगते. तळपायाला टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत एक चिवट पट्टा असतो. पायाची कमान त्याच्या जिवावर उभी असते. त्याला फार ताण पडला की तो टाचेपाशी दुखावतो. त्याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात, आणि हे नाव धडपणे उच्चारता येणारा पेशंट मी अजून बघितलेला नाही. त्याची खूण एकच. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत खिळा घुसतो. दहा-बारा पावलं चाललं की सैल पडतं. माणसाला वाटतं, गेलं. संध्याकाळी ते परत हजर असतं.

पेशंट आला की मी पहिल्यांदा त्याच्या चपला बघते. दवाखान्यात सगळे दाराबाहेर चपला काढतात, त्यामुळे पेशंट खाटेवर चढेपर्यंत मी बाहेर जाऊन त्या उलट्या करून बघितलेल्या असतात. तळ कुठे झिजलाय, टाच कुठल्या बाजूला कलंडलीय, यावरून माणूस कसा उभा राहतो ते कळतं. मॅडम याला माझं ज्योतिष म्हणतात. मला त्याचा गर्व होता. होता असं का म्हणते ते पुढे येईलच.

दुसरी गोष्ट म्हणजे एक बोट. आपल्याकडे पाय म्हणजे कमरेपासून नखापर्यंत काहीही असू शकतं. ‘पाय दुखतो’ म्हणणाऱ्याला मी सांगते, एका बोटानं दाखवा. बोट टाचेच्या आतल्या कडेला, थोडं पुढे टेकलं तर ते गिऱ्हाईक बहुधा माझं. सगळा तळहात फिरवला तर मॅडमचं. मग मी त्या जागेवर अंगठा ठेवते, दुसऱ्या हातानं पायाचा अंगठा वर ओढते. पट्टा तारेसारखा ताणला जातो आणि माणूस छताकडे बघून देवाचं नाव घेतो. कुठला देव, ते त्याच्या घरावर असतं.

मालिश मात्र मी पोटरीपासून सुरू करते. यावरून रोज वाद होतात. दुखतंय टाचेत आणि ही बाई पोटरी का दाबते, म्हणून कितीजण पाय आखडून घेतात. पण पोटरी आवळलेली असली की ती टाचेला मागून ओढत राहते, आणि खालच्या पट्ट्याला उसंत मिळत नाही. म्हणून आधी पोटरी सैल करायची, मग तळपाय बोटांच्या सांध्यांनी लांब लांब चोळायचा, आणि दुखऱ्या जागेवर सगळ्यात शेवटी, दोन-तीन थेंब तेलावर, हल्लू. हा ‘हल्लू’ म्हणजे आपलाच हळू. हैदराबादच्या हवेला थोडा जाड झालाय, एवढंच. आणि एवढं करून टाच आठवड्यात बरी होत नाही. महिने लागतात. हे मी पहिल्याच दिवशी सांगते आणि पहिल्याच दिवशी कुणालाही ते पटत नाही.

या कामात झिजतो तो मालिश करणाऱ्याचा अंगठा. माझे दोन्ही अंगठे मुळाशी सुजलेले आहेत, बरणीचं झाकण आता मला उघडत नाही. आमचे हे असताना रोज संध्याकाळी माझे अंगठे दाबून द्यायचे. दाबायचे कसले, मळायचे, कणकेसारखे. मी ओरडायची, अहो, सांध्यावर नाही, सांध्याच्या खाली दाबा, ताकद भलतीकडे लावताय. ते हो म्हणायचे आणि परत तसेच मळायचे. त्यांना जाऊन आता अकरा वर्षं झाली. तेव्हा एवढं ओरडायला नको होतं, असं आता वाटतं.

माझ्या आवडत्या पेशंटांत मलकपेठचे करीमभाई पहिले. रेसकोर्सवर घोड्यांची देखभाल करण्यात त्यांचा जन्म गेला होता. दाढी मेंदीनं रंगवलेली, चेहरा सदा पडलेला. खाटेवर बसले आणि आवाज खाली करून म्हणाले, ‘बाजी, डाक्टर बोले मेरे पाव में फ्याशन हो गया कते. इस उमर में? घर में किस मूँ से बोलूँ?’

पडद्यापलीकडे मॅडमना खोकल्याची उबळ आली. मी मोठ्या मुश्किलीनं चेहरा सरळ ठेवला आणि फ्याशन म्हणजे काय ते समजावलं. त्यांच्या चपला मी बघितल्याच होत्या, टाचेखाली कागदाएवढं रबर उरलं होतं. तसं सांगितल्यावर त्यांनी दाराबाहेरच्या आपल्या चपलांकडे मान वळवली. मग म्हणाले, ‘घोडा बाताँ नइ करता, फिर भी रोज उसकी नाल देखते. मैं बाताँ करतूँ, मेरी चप्पल कोई नइ देखा.’ चार महिन्यांत ते बरे झाले. अजूनही रस्त्यात भेटले की सलाम करायच्या आधी एक पाय उचलून मला चपलेचा तळ दाखवतात. लोक बघत राहतात.

सगळेच असे हसत गेले नाहीत. पुण्याहून आलेला, कंपनीत कामाला असलेला एक मुलगा होता. शर्यतीसाठी रोज पळायचा. त्यानं आल्या आल्या दुखण्याचं नाव स्वतःच सांगितलं, फोनवर वाचून आला होता, आणि उच्चारही जवळजवळ बरोबर केला. मराठीही गोड बोलायचा. मॅडम त्या आठवड्यात रजेवर होत्या. मी त्याच्या बोलण्यावर भाळले. टाच दोन्ही बाजूंनी तळहातात धरून दाबून बघायची असते, पट्ट्याचं दुखणं असेल तर त्यानं फारसं दुखत नाही, हाडाचं असेल तर माणूस उडतो. ते मी बघितलंच नाही. चार वेळा मालिश केली. मॅडमनी येऊन टाच दाबली आणि तो खाटेवरून उडाला. हाडाला बारीक चीर होती. त्याची शर्यत गेली. बरा झाल्यावर तो रागावण्याऐवजी मिठाईचा डबा घेऊन आला, आणि मला तो डबा अजून आठवतो. तेव्हापासून खाटेवर चढलेल्या प्रत्येकाची टाच मी दोन्ही बाजूंनी दाबते.

पण मला सांगायचंय ते मनोरमाकाकूंबद्दल.

मनोरमाकाकू चौऱ्याहत्तरच्या. राहायला मलकपेठमध्ये, स्वतःच्या जुन्या बैठ्या घरात, एकट्या. घराणं मूळचं मराठवाड्यातलं, शेतीवाडीचं. त्यांचे यजमान सरकारी नोकरीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा अभिजित आयटीत, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला पंधराव्या मजल्यावर राहणारा. तोच त्यांना घेऊन आला. काकू एका सकाळी फोन घ्यायला उठल्या आणि पहिल्याच पावलाला कोलमडल्या. लागलं नाही फारसं, पण तो धास्तावला होता.

मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘ताई, फ्रँकली सांगा. दीड-दोन महिन्यांवर महालक्ष्म्या आल्यात. आई स्वयंपाकाला उभी राहू शकेल का? नसेल तर या वर्षी महालक्ष्म्या माझ्याकडे बसवतो. आईही तिकडेच येईल. मग ते घर ठेवून काय करायचं?’ मुलगा वाईट नव्हता. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या.

तो गाडी काढायला खाली गेला तसं काकूंनी माझं मनगट धरलं. ‘पंधराव्या माळ्यावर मी काय करू, सांग. खाली बघितलं तर माणसांची तोंडं दिसत नाहीत, नुसती टाळकी दिसतात. माझ्या घरात मला ठेव बाई. तेवढं कर.’

मी त्यांना बसवलं, एक बोट मागितलं. बोट बरोबर जागेवर टेकलं. टाच दोन्ही बाजूंनी दाबली, उडाल्या नाहीत. बाहेरच्या चपला बघितल्या तर मुलानं घेतलेल्या, मऊ, महागाच्या. घरात घालता का, विचारलं. ‘हौ, घरात बी घालते की.’ चपलेचा प्रश्न मिटला असं समजून मी पोटरीला हात घातला. मग तळपाय धरला, आणि काकू म्हणाल्या, ‘अखंड सौभाग्यवती हो.’

मी वर बघितलं. काकूच ओशाळल्या. ‘अगं, पायाला हात लागला की तोंडातून निघतंच ते. तू तुझं काम कर.’ मी डावा सोडून उजवा धरला. ‘अखंड सौभाग्यवती हो.’ तेल घ्यायला हात काढला, परत लावला. पुन्हा तेच. जन्मभर लेकीसुना पाया पडत आल्या, त्यामुळे तळपाय आणि तोंड यांची जोडणीच झालेली. पडद्यापलीकडून ऐकणाऱ्या मॅडमनी नंतर मला विचारलं, अक्का, हा कुठला मंत्र, पेशंटला फायदा होतो का याचा?

मालिश करणाऱ्या बाईच्या हातात बांगड्या नसतात, त्या पेशंटला रुततात. गळ्यातही काही नसतं. टिकली मी लावते. त्यामुळे काकूंना कळायला काही मार्ग नव्हता. सांगायला हवं होतं मी. पहिल्या दिवशी हसू आलं म्हणून नाही सांगितलं. दुसऱ्या खेपेला राहून गेलं. आणि तिसऱ्या खेपेपासून, खरं सांगते, तो आशीर्वाद मला आवडायला लागला. अकरा वर्षांत तो कुणी दिला नव्हता. देणारे सगळे माहितीतले, सांभाळून बोलणारे. इथे कुणीतरी न सांभाळता, भरभरून, दर मिनिटाला देत होतं.

तीन आठवडे गेले. पोटरी लोण्यासारखी झाली. तळव्यातली गाठ मोकळी झाली. उठायच्या आधी अंथरुणातच पायाला टॉवेल अडकवून ताणायचा, तोही त्या इमानानं ताणत होत्या. पण सकाळचा खिळा जिथल्या तिथे. मला काही सुधरेना. मॅडम म्हणाल्या, वय आहे, कदाचित इतकंच होईल. हे मी मनाला लावून घेतलं. माझी टाच असं करूच शकत नाही, अशा थाटात मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

त्याच आठवड्यात, पाय चोळत असताना काकूंनी सहज विचारलं, ‘यजमान काय करतात गं तुझे?’

‘अकरा वर्षं झाली, काकू,’ मी म्हटलं.

त्यांनी पाय ओढून घेतला. पुन्हा दिला, पण या खेपेला आशीर्वाद आला नाही. जाताना माझ्याकडे न बघता जिना उतरल्या. पुढच्या खेपेला आल्या नाहीत, त्याच्या पुढच्या खेपेलाही नाहीत. अभिजितला फोन केला तर म्हणाला, आई म्हणते आता नको, काही उपयोग नाही. मी तिची खोली तयार करून घेतोय, ताई. तुम्ही प्रयत्न केलात, थँक्यू.

महालक्ष्म्यांना तीन आठवडे उरले होते. माझ्या एका गप्प बसण्यानं म्हातारीचं घर जाणार, असं मला स्वच्छ दिसलं. पेशंटच्या घरी न बोलावता जाऊ नये हा मॅडमचा नियम आहे. मी त्यांना सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो केली आणि मलकपेठ गाठलं.

काकूंनी दार उघडलं आणि मला बघून दारातच उभ्या राहिल्या. मग आत बसवलं, समोर बसल्या, पदराशी खेळत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, ‘तुझ्यासमोर यायला मला तोंड नव्हतं. मी बी तशीच की गं. हे गेल्यावर कुणी चुकून मला तसं म्हटलं असतं तर मी उठून गेले असते. आणि मी तुला दर खेपेला...’

‘मला आवडायचं, काकू.’

त्यांना वाटलं, मी त्यांची समजूत काढते आहे. मग मी सगळंच सांगितलं. ह्यांचं, अंगठ्यांचं, कणकेसारखं मळण्याचं, मी ओरडायची ते. हे मी लेकीलाही कधी सांगितलं नव्हतं. काकू ऐकत राहिल्या, मध्येच हसल्या, मध्येच डोळे पुसले. मग चहा करते म्हणून उठल्या आणि मी त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघराकडे निघाले.

उंबऱ्याशी त्यांनी चपला काढल्या. त्या मऊ, महागाच्या चपला. नीट जोडून, तोंडं बाहेर करून ठेवल्या आणि अनवाणी शहाबादी फरशीवर पाय ठेवून ओट्याशी उभ्या राहिल्या. कोपऱ्यात देव्हारा होता.

‘काकू, चपला?’

‘स्वैपाकघरात? देव आहेत तिथं.’

‘घरात घालते म्हणाला होतात.’

‘घरात घालतेच की,’ काकू म्हणाल्या. ‘हे स्वैपाकघर आहे.’

मी उंबऱ्यातच खाली बसले. विचारलं, सकाळी किती वेळ असता इथे? सहाला पूजा, मग चहा, मग स्वयंपाक, मग आवराआवर. अकरा वाजतात. म्हणजे पाच तास त्या दगडावर अनवाणी उभ्या. मी आठवड्यातून दोनदा तासभर टाच सैल करणार आणि ही फरशी रोज पाच तास ती ठेचणार. मॅडमना हे कळलं नाही तर ठीक. पण मी कोण? माझी आई अशाच उंबऱ्याशी, अशीच तोंडं बाहेर करून चपला काढत जन्म काढून गेली. मी तसल्याच घरात वाढले, आणि घरात म्हणजे कुठपर्यंत, एवढं विचारायचं मला सुचलं नाही. चपला वाचण्याच्या माझ्या ज्योतिषाची त्या दिवशी पार वाट लागली.

मग आमची वाटाघाट सुरू झाली. स्वयंपाकघरासाठी वेगळ्या, बाहेर कधीच न नेलेल्या चपला? नाही. रबर चालणार नाही. चामड्याचं तर नावही काढू नकोस. गादीचा तुकडा? धुता येत नाही. ओट्यापाशी स्टूल? ‘पुरण बसून वाटलं एक वेळ, पण महालक्ष्म्यांचा नैवेद्य बसून शिजवायचा? मी काय आजारी आहे?’ मी म्हटलं, हो, आहात. त्यांनी ते कानाआड केलं.

‘बरं, मग चालतं तरी काय तुमच्या देवाला?’ मी वैतागून विचारलं.

‘रेशीम चालतं,’ काकू म्हणाल्या. ‘धाबळी चालते. लोकरीला विटाळ नसतो.’ बोलता बोलता थांबल्या आणि वर माळ्याकडे बघायला लागल्या.

माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांच्या सासूबाईंची धाबळी होती. सोवळ्यात नेसायचं लोकरीचं जाड वस्त्र. सासूबाई ती नेसूनच स्वयंपाक करायच्या आणि सुनेची सावली पडली तरी भांडं परत घासायला लावायच्या. आम्ही ती उलगडून जमिनीवर पसरली. थोडी कसर लागली होती, पण पोत दणकट. मी काकूंचे पाय कागदावर आखून घेतले. त्यांनी धाबळीला कात्री लावली आणि तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या, हसणं आवरेना. ‘जन्मभर मला पायाशी ठेवलं बाईनं,’ म्हणाल्या, ‘आता बसा माझ्या पायाशी.’

चार पदरी तळ, टाचेखाली आठ पदरी. लोकर फरशीवर सटकू नये म्हणून खालून सुतळीचे उभेआडवे टाके घातले. हा माझा हट्ट, कारण टाच वाचवता वाचवता खुबा मोडला असता. दोन दिवसांत जोडी तयार झाली. इतक्या कुरूप सपाता मी आयुष्यात बघितल्या नाहीत. काकू त्या घालून देव्हाऱ्यासमोर उभ्या राहिल्या, हात जोडले, थोडं थांबल्या. देवानं काही म्हटलं नाही.

त्या परत दवाखान्यात यायला लागल्या. काम तेच, पोटरी, तळपाय, टाच. फरक एवढाच की मी पाय धरला की काकूंचे ओठ हलायचे आणि मिटायचे. काय म्हणावं ते त्यांना सापडत नव्हतं. मॅडमनी विचारलंसुद्धा, मंत्र बंद केला का? पण टाच ऐकायला लागली होती. आधी खिळ्याची टाचणी झाली. मग काकू म्हणाल्या, आज पहिली चार पावलंच दुखलं. मी वरून शांत होते, आतून दवाखानाभर नाचत होते. अभिजितला मी खरं तेच सांगितलं. पूर्ण बरी नाही, अजून दोन-तीन महिने लागतील, पण उभ्या राहतील असं वाटतं. तो म्हणाला, बघू. खोलीला रंग लावून झाला होता.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला काकूंनी मला बोलावलं. मी म्हटलं, सवाष्णींच्या पंगतीत मी कशी बसू? ‘पंगत माझ्या घरची आहे,’ काकू म्हणाल्या. ‘कुणाला बसवायचं ते मी बघेन.’

मी गेले तेव्हा बारा वाजून गेले होते. मखरात दोघीजणी नटून उभ्या होत्या आणि स्वयंपाकघरात काकू, सासूबाईंच्या धाबळीवर. पुरण झालं होतं, आंबील झाली होती, सोळा भाज्या एका मोठ्या पातेल्यात रटरटत होत्या. सूनबाई हाताखाली होती. अभिजित उंबऱ्यात उभा राहून आईच्या पायांकडे बघत होता, माझ्याइतकंच बारकाईनं. शेवटची पंगत तीनला उठली. काकू वाढायला होत्या, जरा लंगडल्या, पण बसल्या नाहीत. अभिजित माझ्याजवळ आला आणि म्हणाला, ‘त्या खोलीत आता माझं ऑफिस करतो, ताई.’ एवढंच बोलला आणि पत्रावळी उचलायला गेला.

निघताना मी स्वयंपाकघरात गेले, नमस्कार करते म्हटलं आणि वाकले. इतक्या दिवसांत त्यांचे पाय शंभरदा धरले असतील, पण नमस्कार पहिलाच. हात गेला आणि सवयीनं अंगठा टाचेच्या आतल्या कडेला टेकला, थोडा दबलाही.

‘नमस्कार करायलीस का तपासायलीस?’ काकू म्हणाल्या.

‘दुखतं का?’

‘थोडं. ऊठ आता.’

मी उठून उभी राहिले. काकूंचे ओठ हलले, मिटले. आशीर्वाद द्यायचा होता आणि सापडत नव्हता. बाहेर लोक निघायच्या गडबडीत होते, कुणीतरी काकूंना हाका मारत होतं. त्यांनी पदराला हात पुसले. डोक्यावर ठेवायला उचललेला हात तसाच खाली आणला, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि माझे अंगठे दाबायला लागल्या. सांध्यावरच, सगळी ताकद भलतीकडे, नुसती कणीक मळल्यासारखी.

लोकांनी अंगठा कुठे आणि कसा दाबावा, हे सांगण्यात माझा जन्म गेला. काकूंची पद्धत साफ चुकीची होती. मी एक अक्षरही बोलले नाही.